अंगावरची पिशवी: अकोल्याच्या डोंगरांत जाताना काय बाळगावे

डोंगरात ठरल्यापेक्षा एक रात्र जास्त काढावी लागली तरी माणूस सकाळी आपल्या पायांनी खाली उतरावा, एवढ्यासाठी जी लहानशी पिशवी सतत अंगावर ठेवतात, तिला जीवरक्षक पिशवी म्हणता येईल. पाठीवरची मोठी सॅक वेगळी. सॅकमध्ये मुक्कामाचा शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण असते आणि मुक्कामावर पोहोचले की ती उतरवून ठेवतात. ही पिशवी उतरवायची नसते. तिच्यात काय घालायचे हे दुकानातला तयार संच किंवा परदेशी यादी पाहून ठरवू नये. ज्या डोंगरात जायचे आहे तिथे माणसे नेमकी कशाने अडचणीत येतात, हे आधी पाहावे आणि मग वस्तू निवडाव्यात.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात हा विचार मुख्यतः अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यासाठी करावा लागतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांदण दरी आणि नाशिकच्या हद्दीवरची अलंग-मदन-कुलंग ही त्रयी या पट्ट्यात येते. जिल्ह्याचा पूर्व भाग दुष्काळी. पाथर्डी, जामखेडकडे सगळा पावसाळा मिळून पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरला, पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. नगरहून कोरड्या रस्त्याने निघालेली गाडी भंडारदऱ्याला पोहोचेपर्यंत काचेवरचे पाणी पुसता पुसता वायपर थकतात. घरून निघतानाची हवा पाहून पिशवी भरणारा माणूस इथे हमखास फसतो.

या डोंगरांतल्या संकटांचा क्रम लक्षात घेतला की निम्मी निवड आपोआप होते. पावसाळ्यात पहिला धोका भिजून गारठण्याचा. दुसरा धुक्यात किंवा अंधारात वाट चुकण्याचा. त्यानंतर घसरून पडणे, पाय मुरगळणे, साप किंवा मधमाश्या. उन्हाळ्यात तहान आणि उष्माघात वर चढतात. भूक मात्र कुठल्याही ऋतूत शेवटी येते. निवारा नसेल तर माणूस वाईट हवेत काही तासांत खचतो, पाण्यावाचून काही दिवस तग धरतो आणि अन्नावाचून काही आठवडे. तरीही नवख्या माणसाच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा खाऊने आणि सर्वांत कमी जागा कोरड्या कपड्याने व्यापलेली दिसते.

गारठ्याने माणूस दगावतो तो हिमालयात, अशी समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. ऑगस्ट २०२३मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर आलेला एक गट पाऊस आणि दाट धुक्यात वाट चुकला. त्यातल्या एका तरुणाचा गारठ्याने मृत्यू झाला, इतरांना खाली आणावे लागले. शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की मेंदू आणि हातपाय नीट काम करेनासे होतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पंधरा-अठरा अंशांची हवा, अंगाला चिकटलेले ओले कपडे, पठारावरचा भणाणता वारा आणि दिवसभराची दमछाक एवढे पुरते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजल्यावर ते पाणी सोडतच नाहीत. आधी हुडहुडी भरते, मग बोटांना चेन लावता येत नाही, बोलणे अडखळते, पाय ठेचकाळतात. याच्याही पुढे हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते की याला आता बरे वाटू लागले. खरे तर हीच सर्वांत धोक्याची खूण आहे.

म्हणून पिशवीत पहिली जागा निवाऱ्याची. दोन वस्तू पुरेशा आहेत. एक, जाड प्लॅस्टिकची एवढी मोठी पिशवी की माणूस गुडघे छातीशी घेऊन तिच्यात बसू शकेल. कांदा किंवा चारा झाकायला शेतकरी जो कागद वापरतात, तो दुमडून दोन कडा घट्ट चिकटपट्टीने जोडल्या तरी अशी पिशवी तयार होते. दोन, लोकरीचा किंवा सिंथेटिक कापडाचा एक पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कानटोपी. हे दोन्ही वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तोंडाला गाठ मारून ठेवायचे. हा सदरा चालताना कितीही गार वाटले तरी घालायचा नाही. अडकून पडल्यावर ओले उतरवून तो अंगात घालायचा, वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत शिरायचे आणि बुडाखाली रिकामी सॅक, दोर किंवा झावळ्या-पाला घ्यायचा, कारण ओला कातळ वाऱ्याइतकीच ऊब शोषतो. प्लॅस्टिकमधून चेहरा बाहेर राहील असे भोक आधीच पाडून ठेवावे. श्वास कोंडेल अशा रीतीने तोंड बंद करून कधीही बसू नये.

चकचकीत पातळ चांदीसारखे पांघरूण आता सगळीकडे स्वस्तात मिळते. ते हलके असते आणि वारा नसेल तिथे उपयोगी पडते. पठारावरच्या वाऱ्यात मात्र ते फडफडून फाटते. एकाचीच निवड करायची झाली तर सह्याद्रीच्या पावसात जाड प्लॅस्टिक सरस आहे. जखमी माणसाभोवती आधी चांदीचे पांघरूण आणि त्यावर प्लॅस्टिक असे दोन्ही वापरता आले तर उत्तमच.

या भागातल्या माणसांनी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. भाताच्या आवणीच्या वेळी दिवसभर वाकून काम करणारी बाई पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले घेई. पाऊस पाठीवरून ओघळून जाई आणि हात मोकळे राहत. गुराख्याकडे पोत्याची खोळ असे, एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावरून पाठीवर सोडलेली. आता त्या जागी प्लॅस्टिक आले आहे, घडी तीच आहे. घोंगडीचे मोलही तसेच. लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहते, त्यामुळे ओली झाली तरी घोंगडी थोडी ऊब देतेच. सुती चादर ओली झाली की काहीच देत नाही. पायथ्याच्या पाचनई किंवा रतनवाडी गावचा म्हातारा माणूस पावसात डोंगरावर निघताना खांद्यावर काय टाकतो, हे नीट पाहिले तर कपड्यांची अर्धी यादी तिथेच मिळते.

निवाऱ्यानंतर उजेड. हरिश्चंद्रगडावर नेहमी घडणारा एक प्रसंग इथे उदाहरणादाखल घेता येईल. गट दुपारी पाचनईतून चढून येतो, मंदिराजवळच्या गुहेत किंवा तंबूत सामान टाकतो आणि सूर्यास्त पाहायला कोकणकड्याकडे निघतो. वाट फार लांब नाही, अर्ध्या-पाऊण तासाची. सॅक मुक्कामावर राहते. हातात मोबाइल असतो आणि त्याची बॅटरी दिवसभर फोटो काढून निम्म्यावर आलेली असते. कड्यावर पोहोचल्यावर कोकणातून ढग वर चढतात, दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि अंधार पडतो. पठारावर पायवाटा अनेक, खुणेचे झाड एकही नाही, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कारवी. कड्याच्या कडेला कठडा नाही. मुक्कामावर ठेवलेल्या उत्तमोत्तम वस्तू त्या क्षणी शून्य किमतीच्या असतात. जीवरक्षक पिशवी कमरेला बांधायची असते ती याचसाठी. ती शौचाला जातानाही सोडू नये, कारण रात्री शौचाला म्हणून बाजूला गेलेला माणूस तंबूकडची वाट चुकू शकतो.

त्या पिशवीत डोक्याला बांधायची बॅटरी हवी. हात मोकळे राहणे हा तिचा खरा गुण आहे, विशेषतः रतनगडाच्या किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर. सेल उलटा घालून ठेवला किंवा सेल आणि बॅटरी यांच्यामध्ये कागदाची चकती सरकवली तर ती पिशवीत चुकून पेटून संपत नाही. सुटे सेल वेगळ्या लहान पुडीत असावेत. ते अंधारात चाचपडत बदलता येतात का, हे घरीच दिवा बंद करून पाहावे. चार्जिंगची बॅटरी असेल तर निघायच्या आदल्या रात्री चार्ज करावी. मोबाइलचा दिवा हा पर्याय धरू नये. मोबाइलचे काम दुसरे आहे आणि त्याची प्रत्येक टक्का बॅटरी त्या कामासाठी राखायला हवी.

दाट धुक्यात प्रकाशझोत उलटा डोळ्यांवर येतो. अशा वेळी बॅटरी डोक्यावरून काढून कमरेच्या उंचीवर धरली तर पायाखालची वाट जास्त दिसते. तरीही कड्याजवळ धुके असेल आणि वाटेची खात्री नसेल, तर बसून राहणे हा सर्वांत चांगला निर्णय. पिशवीतल्या निवाऱ्यामुळे हा निर्णय घेता येतो. ज्याच्याकडे निवारा नसतो तो गारठ्याच्या भीतीने चालत राहतो आणि चालत राहणाराच पडतो.

शिट्टी ही पिशवीतली सर्वांत हलकी आणि सर्वांत स्वस्त वस्तू. ओरडून ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते. आत गोटी नसलेली प्लॅस्टिकची शिट्टी घ्यावी. गोटीची शिट्टी भिजली की अडकते. डोंगरातला संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत असा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीन शिट्ट्या देतो. बॅटरीचा उजेड झाकून-उघडूनही हाच संकेत देता येतो. शिट्टी पिशवीच्या आत न ठेवता दोरीने गळ्यात किंवा पट्ट्याला बांधावी, कारण दरीत घसरलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असू शकतो. गटात मुले असतील तर प्रत्येकाच्या गळ्यात स्वतंत्र शिट्टी हवी आणि हरवल्यासारखे वाटताच जागेवर बसून ती वाजवायची, हे त्यांना निघण्यापूर्वी दोनदा करून दाखवावे.

मोबाइलला रेंज नसते असे धरूनच निघावे. तरीही तो न्यावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावताना स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. मोबाइल विमान-मोडवर ठेवावा, नकाशा आधीच उतरवून घ्यावा, झिप लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पुडीत गुंडाळावा आणि सोबत पूर्ण भरलेली छोटी पॉवर बँक व तिची वायर असावी. संदेश पाठवताना 'आम्ही हरवलो' एवढेच न लिहिता कुठल्या गावातून चढलो, शेवटची ओळखीची जागा कोणती, किती जण, कोण जखमी आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, हे एकाच संदेशात लिहावे. फोन लागत नसेल तिथेही लघुसंदेश कधीकधी निसटून जातो.

परदेशी याद्यांमध्ये उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र हमखास असते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र किंवा उपग्रह फोन बाळगणे बेकायदा आहे. परदेशातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकांना डोंगरावर नेताना ही गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घालावी. एकूणच त्या याद्या आंधळेपणाने उचलू नयेत. अमेरिकेतल्या सिएटलच्या 'द माउंटेनीअर्स' या संस्थेने १९३०च्या दशकात दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी केली. आज जगभर दिसणाऱ्या बहुतेक याद्या तिच्यावरूनच आल्या आहेत. ती विचारपूर्वक केलेली आहे, पण तिच्यामागे बर्फाचे डोंगर आणि सुकी सूचिपर्णी लाकडे आहेत. आग पेटवण्याचे साहित्य त्या यादीत मानाच्या जागी असते. अकोल्याच्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये सुकी काडी सापडत नाही. उन्हाळ्यात सुके गवत एका ठिणगीने डोंगरभर पेटते. शिवाय हा बराचसा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि तिथे आग लावणे कायद्याने मना आहे. लायटर ठेवायचा तर ठेवावा, पण ऊब मिळवण्याची भिस्त त्याच्यावर ठेवू नये. मासे धरण्याचे गळ, फास, दातेरी सुरा असल्या वस्तूंना तर इथल्या एका रात्रीत काहीच काम नाही. जवळचे गाव सहसा काही तासांच्या अंतरावर असते. प्रश्न उजाडेपर्यंत टिकण्याचा असतो.

पाण्याचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात पाणी सगळीकडे आहे, पण ओढ्याचे गढूळ पाणी पिऊन पोट बिघडले तर शरीरातले पाणी जाते आणि गारठा लवकर गाठतो. मार्च ते मे या काळात उलट. गडावरची बरीच टाकी आटतात, उरलेल्यांत शेवाळ आणि किडे असतात. आधीच्या आठवड्यात कोणी जाऊन आले असेल त्याला किंवा पायथ्याच्या गावात 'कोणत्या टाक्याला पिण्याजोगे पाणी आहे' हे विचारल्याशिवाय चढू नये. उन्हाळ्यात माणशी चार लिटर, इतर वेळी दोन-तीन लिटर पाणी सॅकमध्ये हवेच. कमरेच्या पिशवीत त्याखेरीज अर्ध्या लिटरची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या आणि क्षारसंजीवनीची दोन पाकिटे ठेवावीत. पाणी आधी स्वच्छ रुमालाच्या चार पदरांतून गाळायचे, मग गोळी टाकून अर्धा तास थांबायचे. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ मातीवरच खर्ची पडते, म्हणून गाळणे टाळू नये. गोळी किती लिटरला एक, हे पाकिटावर वाचावे, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. चूल असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळले तरी पुरते. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात, पण कळसूबाईही तेवढी उंच नाही.

क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवायचे. मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते. ते पेलाभर पाण्यात घट्ट करून पिणे घातक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुपारच्या उन्हात एखाद्याचे डोके दुखू लागले, मळमळले, पायात गोळे आले की गट थांबवून सावली शोधावी. त्याच्या बोलण्यात विसंगती येऊ लागली किंवा अंग तापून तो बरळू लागला, तर तो उष्माघात आहे. मिळेल त्या पाण्याने त्याचे अंग भिजवून वारा घालावा आणि मदत मागवावी.

औषधपाण्याचा डबा लहानच असावा. जखमेवर दाबून धरायला निर्जंतुक कापसाच्या दोन मोठ्या घड्या, पंधरा सेंटिमीटर रुंदीची एक क्रेप पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, तापाची आणि अंगदुखीची गोळी, डॉक्टरांना विचारून घेतलेली ॲलर्जीची गोळी आणि चार सेफ्टी पिना. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा फिट्स यांसाठी रोज औषध घेणाऱ्याने दोन दिवसांची जादा औषधे स्वतःच्या पिशवीत ठेवावीत. ती गटाच्या सामाईक डब्यात टाकू नयेत. हे सर्वांत जास्त विसरले जाते, आणि मधुमेही माणसाला एका रात्रीच्या उपासाने काय होऊ शकते याची कल्पना सोबत्यांना नसते. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी असणे म्हणजे नसण्यासारखेच.

सापासाठी पिशवीत ठेवण्याजोगी कोणतीही वस्तू नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आपल्याकडे आढळतात. खडकाळ माळावर फुरसे सहज दिसत नाही. मण्यार रात्री फिरतो आणि झोपेत चावला तर कित्येकदा कळतही नाही, म्हणून गुहेत उघड्या जमिनीवर, भिंतीला टेकून झोपू नये. विष शोषून काढणारे पंप विकले जातात. ते निरुपयोगी आहेत. ब्लेडने चीर देणे, आवळपट्टी बांधणे यांनी नुकसानच होते. प्रतिविष हे रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. क्रेप पट्टी आणि एखादी काठी यांचा उपयोग एवढाच की चावलेला हात किंवा पाय हलू नये असा सैलसर बांधायचा, अंगठी, बांगडी, पैंजण काढून टाकायचे आणि माणसाला चालू न देता उचलून खाली आणायचे. राजूर, अकोले किंवा संगमनेर यांपैकी कुठले रुग्णालय सर्वांत जवळ आहे आणि तिथे प्रतिविष आहे का, हे निघतानाच विचारून कागदावर लिहून ठेवलेले असले तर धावपळीतला मोलाचा वेळ वाचतो.

आग्या मोहोळ हा दुसरा धोका. ही मोहोळे उंच कड्यांना लागलेली असतात. धूर, अत्तराचा वास आणि गोंगाट यांनी माश्या उठतात. तेव्हा तोंड आणि मान कपड्याने झाकून तिथून लांब पळणे हाच उपाय. नांगी चिमटीत धरून न ओढता नखाने किंवा कार्डाच्या कडेने पटकन खरवडून काढावी. वीसपंचवीसहून अधिक दंश झाले किंवा ओठ, घसा सुजू लागला तर रुग्णालयाशिवाय पर्याय नाही. वळवाच्या विजांसाठीही पिशवीत काही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप पायथ्याला रेंज असताना पाहावे आणि ढग गडगडू लागताच कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आणि शिखर सोडून खाली यावे.

सांदण दरीचा विचार वेगळा करावा लागतो. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये अरुंद फट आणि तळाला थंड पाण्याचे डोह. वर कुठेतरी पाऊस पडला तर पाणी या फटीतूनच धावते. पुराच्या लोंढ्याविरुद्ध कोणतीही पिशवी काम देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात तिथे न उतरणे एवढाच उपाय आहे. हिवाळ्यात डोह ओलांडताना छातीपर्यंत भिजावे लागू शकते, म्हणून कमरेच्या पिशवीतली प्रत्येक वस्तू जलरोधक पुडीत हवी आणि पाणी ओलांडताना पिशवी कमरेवरून सोडून डोक्यावर घ्यावी. दरीत ऊन फार थोडा वेळ पोहोचते. ओल्या अंगाने सावलीत तासन्‌तास चालताना डिसेंबरातही गारठा गाठतो.

दोर आणि चाकूबद्दल थोडक्यात. पाच-सहा मीटर नायलॉनची बारीक दोरी प्लॅस्टिक ताणायला, काठी बांधायला आणि बुटाचा तळ सुटल्यावर बूट आवळायला कामी येते. बुटाचा तळ सुटणे इथे वरचेवर घडते. कपाटात दोन-तीन वर्षे पडलेल्या बुटाचा गोंद सुकलेला असतो आणि पहिल्याच चिखलात तळ जबड्यासारखा उघडतो. त्यावर दोरीचे तीन वेढे पंजाभोवती आणि एक घोट्याभोवती, वरून चिकटपट्टी, असे बांधले तर तो बूट पायथ्यापर्यंत पोहोचवतो. या दोरीवर माणसाचा भार मात्र कधीही टाकू नये. नोव्हेंबर २०१८मध्ये कल्याणहून आलेला वीसेक जणांचा गट कोकणकड्यावर अडकला आणि त्याला सुखरूप बाहेर काढायला बचाव पथके बोलवावी लागली. कडा उतरणे हे वेगळ्या दोरांचे, वेगळ्या शिक्षणाचे काम आहे. चाकू लहान, घडीचा, बोटभर पात्याचा पुरे.

खायला दोन मुठी गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याच्या दोन-तीन वड्या. हे न शिजवता, पाण्याशिवाय खाता येते, गारठलेल्या माणसाला गोड लगेच ऊर्जा देते. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि आतली उष्णता बाहेर टाकते.

सगळे भरून झाले की पिशवी तराजूवर ठेवावी. कोरड्या सदऱ्यासह आणि पाण्याच्या बाटलीशिवाय ती एक किलोच्या आसपास बसली तर ठीक. दोन किलो झाली तर ती तिसऱ्या सहलीला घरी राहील. अशा वेळी आधी जादा खाऊ, मग चाकू, मग जादा पट्ट्या कमी कराव्यात. निवारा, बॅटरी आणि शिट्टी काढू नये. चार जणांत मिळून एकच पिशवी चालणार नाही, कारण वाट चुकतो तो एकटा.

पिशवीची परीक्षा घरी घेता येते. पावसाच्या रात्री गच्चीवर किंवा अंगणात भिजलेल्या कपड्यांनी जायचे, दिवे बंद करायचे, डावा हात खिशात ठेवायचा आणि एकाच हाताने बॅटरी काढून, सदरा बदलून, प्लॅस्टिकमध्ये शिरून तासभर बसायचे. कोणती गाठ सुटत नाही, कोणती वस्तू तळाशी अडकली आहे, प्लॅस्टिक कुठे तोकडे पडते, हे पहिल्या दहा मिनिटांत कळते.

पिशवीत एक चिठ्ठी असावी, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई भिजली की पसरते: नाव, रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी, घरचा फोन. दुसरी चिठ्ठी पायथ्याच्या गावात ठेवायची. पाचनई, बारी, रतनवाडी, साम्रद या गावांत जेवणाची आणि राहण्याची सोय करणारी घरे आहेत, वाटाडे आहेत. गट कोणत्या वाटेने चढणार, किती जण, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत वाट पाहून शोध सुरू करायचा, हे त्या घरी सांगून ठेवावे. पाचनईतून चढून टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचे ठरले असेल तर तेही सांगावे, नाहीतर लोक चुकीच्या बाजूला शोधत बसतात. ठरलेला बेत बदलला किंवा दुसऱ्या गावात उतरलो, तर पहिल्या घरी फोन करून कळवावे. अन्यथा गावकरी रात्री कंदील घेऊन विनाकारण डोंगरात शिरतात.

परतल्यावर पिशवी ओली तशी कपाटात जाऊ नये. सगळे बाहेर काढून वाळवावे, बॅटरीतले सेल काढावेत, फोडलेली पाकिटे त्याच दिवशी भरून घ्यावीत. गोळ्या, मलम, क्लोरीन आणि क्षारसंजीवनी यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून पिशवीच्या आत चिकटवाव्यात. वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर, पिशवी उलटी करून पाहावी. मृगाआधी दुसरा कोरडा कपडा आत जातो. दिवाळीनंतर जाड टोपी आणि हातमोजे, आणि होळीच्या सुमारास त्यांच्या जागी पाण्याची दुसरी बाटली, उपरणे आणि क्षारसंजीवनीची आणखी दोन पाकिटे.